डावा कान जवळून

फोटोग्राफरच्या धंद्यात अजिबात न हलणारं गिऱ्हाईक एकच, मेलेलं माणूस. माझ्या वडिलांनी अशी गिऱ्हाइकं बरीच केली. साठ-सत्तरच्या सुमाराला आमच्या किनाऱ्यावर उचलून नेता येईल असा कॅमेरा त्यांच्याचकडे होता, त्यामुळे मालवणच्या खाली-वर कुठेही समुद्राने मडं बाहेर टाकलं की पोलिसांची जीप आमच्या दारात. वडील लग्नाला जात तसेच तिकडे जात. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, काखेत तिपाई. समोरून एक फोटो, दोन्ही बाजूंनी एकेक, आणि पोलीस दाखवतील त्या खुणेचा एक जवळून. घरी आल्यावर विहिरीवर अंघोळ करायची आणि पुन्हा टेबलाशी बसायचं, कुणाच्या तरी नवरीचे देवीचे वण पुसायला.

हे वण पुसण्याचं काम म्हणजे रिटचिंग. ते वडील सावंतवाडीच्या एका स्टुडिओत शिकले होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. निगेटिव्हला आधी एक चिकट वार्निश चोळायचं. मग सुईसारखं टोक काढलेली शिसपेन्सिल घेऊन, भिंगातून बघत, बारीक बारीक ठिपके द्यायचे. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते तिथे फोटोत कातडी उजळ होते. वण जातात, डोळ्यांखालचे खड्डे भरतात, कपाळावरच्या आठ्या नाहीशा होतात. गिऱ्हाइकाने सांगावं लागत नसे. आमच्याकडे फोटो काढला की माणूस आपोआप सुधारून मिळत असे.

मला हे कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर पटलंही नाही. मी म्हणायचो, माणूस आहे तसा दाखवावा. त्यावर वडिलांचं ठरलेलं उत्तर होतं, "आसा तसो बघूक लोकांच्या घरात आरसो आसा. मगे फोटो कशाक व्हयो?" यावर मी नुसता चिडत असे.

दोन हजार साल उलटलं आणि आमच्याकडेही डिजिटल कॅमेरे आले. डार्करूम बंद पडली. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, ते घरी पडवीत बसून असत. स्टुडिओ माझ्या एकट्याच्या हातात होता आणि मला जागा हवी होती. एका पावसाळ्यात, लग्नं नसतात तेव्हा, मी निगेटिव्हची दोन कपाटं उपसायला काढली. एकात लग्नं, एकात पोलीस. वडिलांची टापटीप अशी की प्रत्येक निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर तारीख, वार, गाव. लग्नाच्या पाकिटांवर नवऱ्यामुलाचं नाव. पोलिसांच्या पाकिटांवर बहुतेक ठिकाणी नुसतं 'अनोळखी', आणि खाली पोलिसांनी सांगितलेली खूण. 'उजव्या दंडावर गोंदण'. 'पायाचा अंगठा'. एकावर होतं, 'डावा कान जवळून'.

पोलिसांचं कपाट मी सरळ टाकून देणार होतो. पण सगळं एकदा उजेडावर धरून बघायची खोड मला आहे, ती बापाकडूनच आली असणार. चारेक दिवस मी मेलेली माणसं बघत बसलो होतो. संध्याकाळी घरी जाऊन वडिलांना सांगितलं की ती पाकिटं मी उद्या टाकतोय, तर ते म्हणाले, "तेंका हात लावू नुको. कोण तरी इचारूक येतला."

"तीस वर्सां झाली, बाबांनू. कोण इलो?"

"मगे आता येतलो," ते म्हणाले आणि चहा मागितला.

मी पाकिटं टाकली नाहीत. बाप सांगतो म्हणून नाही, भंगारवाला पावसात फिरकत नव्हता म्हणून.

त्याच आठवड्यात ती बाई आली. ती तशी रोजच समोर असायची. आमचा स्टुडिओ मासळीबाजाराच्या तोंडाशी, आणि बाजाराच्या कडेच्या रांगेत तिची बसायची जागा. पन्नाशीची, काटक, जिभेला धार. मी तिच्याकडून बांगडे घ्यायचो आणि ती मला दर वेळी ऐकवायची की मला मासळीतलं काही कळत नाही. तिला मी काकी म्हणत असे. तिची गोष्ट अख्ख्या बाजाराला माहीत होती. लग्न होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा मचव्यावर खलाशी म्हणून खालच्या बंदराला गेला आणि परत आला नाही. मचवेवाल्यांनी सांगितलं, बंदरात उतरला तो उतरलाच. मग कुणी म्हणालं गोव्यात बाई आहे, कुणी म्हणालं पोरंही आहेत. बघितलं कुणीच नव्हतं, पण सांगत सगळे होते. भांडण झालं की बाजारातल्या बायका तिला एकच वाक्य मारायच्या, "घोव टिकवूक येना नाय, नि गिऱ्हाइका टिकवतली!" एरवी शिवीला सव्वा शिवी घालणारी ती त्या वाक्यावर गप्प व्हायची. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात काळे मणी. तीस वर्षं.

तिला निराधार बायकांच्या पेन्शनीसाठी अर्ज करायचा होता. तेव्हा फोटो आणि अर्ज भरणं अशी दोन्ही कामं मी करायचो, कारण नुसत्या फोटोवर भागत नव्हतं. मी फोटो काढला, अर्ज समोर घेतला, नाव, गाव, वय भरलं आणि पुढचा रकाना वाचला.

"विधवा की परित्यक्ता?"

"म्हणजे काय रे?"

"नवरो मेलो की टाकून गेलो."

हे मी किती सहज विचारलं ते आठवलं की आज माझी मलाच शरम वाटते. तेव्हा वाटली नाही. मागे अजून दोन माणसं उभी होती.

ती म्हणाली, "माका काय इचारतस? तो काय सांगान गेलो माका, मी मरतंय की पळतंय ता?"

"काकी, कायतरी एक लिवक होया."

"मगे कोरा ठेव. खोटा लिवचा नाय. ओरोसाक कचेरीत गेलंय तेव्हा थयलो सायेब म्हणालो, परित्यक्ता लिवा, सोपा पडात. मी म्हटलंय, तुज्या आवशीक लिव." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तीस वर्सां मी ह्याच एका गोष्टीक वाट बघतंय. तो मेलो तर मेलो. पण माका टाकून गेलो की नाय, येवढा माका कोणीतरी सांगूक होया."

मागची दोन माणसं छताकडे बघायला लागली. मी रकाना कोरा ठेवला.

लग्नाचा पुरावा म्हणून तिने पिशवीतून लग्नाचा फोटो काढला. फ्रेमसकट. मागे आमच्या स्टुडिओचा शिक्का. आमच्या हवेत फोटोला बुरशी धरतेच, पण याला धरली होती ती नेमकी नवऱ्याच्या बाजूला. तोंड अर्धंमुर्धं दिसत होतं. मी म्हटलं, निगेटिव्ह असेल तर नवा काढून देतो. ती म्हणाली, "बघ गावता काय," आणि टोपली बघायला गेली.

निगेटिव्ह दहा मिनिटांत सापडलं. वडिलांच्या टापटिपीला मी मनातल्या मनात नावं ठेवायचो, ती थोडी कमी केली. नवरा खुर्चीत, नवरी बाजूला उभी, मागे काळा पडदा. उजेडावर सरळ धरलं की रिटचिंग समजत नाही. तिरकं धरलं की पेन्सिलीचा भाग चकाकतो, म्हणून मी सवयीने तिरकं केलं. नवरीच्या गालावर थोडं काम होतं. नवऱ्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. पण त्याच्या डाव्या कानाची वरची कड मात्र लखलख चमकत होती.

काळ्या पडद्यापुढे कानाचा तुकडा नसेल तर निगेटिव्हवर तिथे नुसती पारदर्शक खाच राहते. ती खाच वडिलांनी पेन्सिलीने भरून काढली होती. नाकाचा किंवा गालाचा वण पुसणं वेगळं. इथे त्यांनी नसलेला कान केला होता, आणि इतका चांगला केला होता की मी तिरकं धरलं नसतं तर मलाही कळला नसता.

त्या पेन्सिलीच्या खाली खाचेचा आकार दिसत होता. वर रुंद, खाली निमुळती होत गेलेली, आणि खालच्या टोकाला कातडीचा एक बारीक लोंबता तुकडा. असली खाच मी तीन दिवसांपूर्वी बघितली होती. मी उठून दुसऱ्या कपाटातलं पाकीट आणलं, दोन्ही निगेटिव्ह शेजारी शेजारी ठेवली आणि भिंग लावलं. नंतर दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, कारण मला कुणाशी बोलायचं नव्हतं.

मी तिला लगेच सांगितलं नाही. ती विचारायला आली तेव्हा, शोधतोय म्हणालो. किनाऱ्यावर तुटक्या कानाचा माणूस एकच असतो असं काही नाही, आणि तीस वर्षं थांबलेल्या बाईला अंदाज सांगणं मला बरं दिसेना. पाकिटावर गावाचं नाव होतं. ते ज्या पोलीस ठाण्याखाली येतं तिथे मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेलो.

ठाण्यात एक वयस्कर हवालदार होते. आधी त्यांनी मला चहा पाजला, मग सांगितलं की इतका जुना कागद मिळणार नाही, मग स्वतःच उठून मागच्या खोलीत गेले. बराच वेळ शिंका ऐकू येत होत्या. बाहेर आले ते एक रजिस्टर घेऊन. बाकीचं वाळवीने खाल्लं होतं. हे राहिलं, कारण हा खुनाचा गुन्हा होता आणि तपास तहकूब म्हणून त्याची नोंद वेगळी ठेवली होती. त्यांनी बोट फिरवत वाचून दाखवलं. अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचवीस, समुद्रातून किनाऱ्यावर आलेला. चेहरा ओळखण्यापलीकडे. डोक्याच्या मागील बाजूस जखम, ती मारल्याने झालेली असावी असे डॉक्टरांचे मत. कमरेस काळा करगोटा. डाव्या कानाची वरची कड तुटलेली, सदर जखम जुनी व भरलेली.

त्याला कुणी मारलं हे तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. मला त्यातलं काही ठाऊक नाही, म्हणून मी त्यावर काही लिहीत नाही. ठाण्यापुढे त्या वेळी प्रश्न वेगळाच होता. मेला कोण, हेच माहीत नाही, तर मारला कुणी हे कुठून शोधणार? प्रेत ठेवायची सोय नव्हती, दुसऱ्याच दिवशी वाळूत पुरलं. हवालदार म्हणाले, "तिथे नंतर सुरूची झाडं लावली. जागा आता कुणी दाखवू शकणार नाही."

मग त्यांनी पान उलटलं.

"इथे एक गृहस्थ येऊन गेलेत," ते म्हणाले. "मुलगा बेपत्ता म्हणून. पुरल्यानंतर आठवड्याने." आणि पुढचं त्यांनी कागदावरच्या भाषेतच वाचलं. "सदर इसमाने मुलाचा लग्नातील फोटो हजर केला. फोटोतील इसमाचे दोन्ही कान शाबूत असल्याचे दिसून येते. सबब मयत हा त्यांचा मुलगा नव्हे."

खाली अंगठा होता, आणि अंगठ्याखाली त्या माणसाचं नाव आणि गाव. माझ्या मासळीवाल्या काकीचा सासरा.

"फोटो कुठल्या स्टुडिओचा तेही लिहिलंय बघा," हवालदार म्हणाले. "तेव्हाची माणसं काम नीट करायची."

मी म्हटलं, हो. बायकोचा जबाब झाला तर नोंद दुरुस्त करता येईल, मग मृत्यूच्या दाखल्याचंही बघू, असं ते म्हणाले. चांगला माणूस होता. पण मला तिथून कधी बाहेर पडतो असं झालं होतं.

एसटीत मला राग आला होता. तेव्हा ती नोंद लिहिणाऱ्या बिचाऱ्या जमादारावर येण्यात अर्थ नव्हता. त्याच्यासमोर फोटो होता आणि फोटोवर त्याने विश्वास ठेवला. राग सगळा बापावर होता. अख्खं आयुष्य त्यांनी माझं म्हणणं उडवून लावलं होतं आणि आता मी बरोबर निघालो होतो. हे मला आवडत होतं, हेही इथे लिहायला हवं.

घरी पोचलो आणि चपला न काढताच पडवीत गेलो. लग्नाचं निगेटिव्ह त्यांच्या हातात दिलं. "बाबांनू, हो कान कोणी भरलो?"

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या डोळ्याने त्यांना बरं दिसायचं. त्यांनी ते उजेडाकडे तिरकं केलं, बराच वेळ बघितलं, आणि त्यांचं तोंड खुललं. "माजो हात! बघ, खंय सांधो दिसता? आता करून दाखवतलो कोण असा?"

मी दुसरं निगेटिव्ह दिलं. रजिस्टरमधलं मी कागदावर उतरवून आणलं होतं, तेही वाचून दाखवलं. सासऱ्याचं, फोटोचं, सबबचं. स्टुडिओचं नाव लिहिलंय, हेसुद्धा सांगितलं. मुद्दाम सांगितलं.

दोन्ही निगेटिव्ह मांडीवर ठेवून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माका कोणी सांगाक नाय भरूक," शेवटी म्हणाले. "मीच भरलंय. लग्नाचो फोटो, जन्मभर भिंतीर रवतलो. म्हटलंय, कित्या बापड्याचो कान तुटको ठेवचो?"

"नि दोन वर्सांनी तोच कान तुमी जवळसून काढलास. तेव्हा आठवलो नाय?"

"भरलेलो कान कोणाच्या आठवणीत रवता रे?"

माझा राग तिथे उतरला. आपण जिंकलो असं वाटायला हवं होतं, पण समोर ऐंशीचा म्हातारा बसला होता, मांडीवर दोन निगेटिव्ह घेऊन. मला त्यांची कीव आली आणि स्वतःचा थोडा कंटाळा आला.

ते म्हणाले, "तिका बोलाव. तू सांगू नुको. मी सांगतलंय." आणि मग, "टर्पेंटाइन आसा मा दुकानात?"

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून त्यांना स्टुडिओत आणलं. वर्षभरात आले नव्हते. कापसाला टर्पेंटाइन लावून त्यांनी स्वतःच्या हाताने ती पेन्सिल पुसली. पुसायला एक मिनिटही लागलं नाही. बंद पडलेली डार्करूम मी तेवढ्यासाठी उघडली आणि एक प्रिंट काढली. नवरा, नवरी, काळा पडदा, आणि नवऱ्याचा डावा कान तुटका.

दुपारी बाजार सैल झाल्यावर ती आली. पदराला हात पुसत आत शिरली आणि वडिलांना बघून थबकली. "काकांनू, तुमी? बरे मा?" त्यांनी मान हलवली. सांगतो म्हणाले होते, पण त्यांनी प्रिंटकडे नुसतं बोट केलं, म्हणून मी ती तिच्या हातात दिली.

तिने ती दाराच्या उजेडाकडे धरली.

"ह्यो खंयसून काढलास तू? ह्यो कान!" तिने कानावर बोट ठेवलं. "ल्हान आसताना गळ अडकलेलो. हो असोच होतो. असोच." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "घरातल्या फोटोत बघून बघून माका वाटाक लागला, माजोच भास आसतलो. तेचो कान बरोच आसतलो, मीच कायतरी धरून बसलंय."

मग मी दुसरा फोटो ठेवला. फक्त कानाचा, चेहऱ्याचा नाही. काय, कुठे, कसं सापडलं ते सरळ सांगितलं. डोक्यावरच्या जखमेचंही सांगितलं. तिने तो फोटो उचलला नाही, नुसता बघत राहिली.

"खयच्या दिसा गावलो?"

मी पाकिटावरचं वाचलं. तारीख, आणि वार शुक्रवार.

ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. "त्याच आठवड्यात सोमारी गेलो. शनवारी येतंय म्हणालेलो." पुन्हा मोजलं. "शनवार येवक नाय होतो अजून."

"नाय," मी म्हटलं.

तेव्हा वडील बोलले. हात जोडून, खुर्चीतून अर्धवट उठत. "बाय, चूक माजी. कान मी भरलंय. तो फोटो बघून पोलिसांनी तुज्या सासऱ्याक परत धाडल्यानी. तुजी तीस वर्सां मी खाल्लंय."

ती त्यांच्याकडे वळली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर मी अडवणार नव्हतो.

"बसा, काकांनू," ती म्हणाली. "तुमची कसली चूक? तुमी तेका बरो दिसाचो म्हणान केलास. पण सासऱ्याक ठावक नाय होता? तेच्या पोटचो झील मा तो? तो गळ खुद्द तेचोच होतो. मी दारामागसून सांगलंय, कानाचा सांगा हां पोलिसांका. सांजचो परत इलो, म्हणालो, फोटो बघल्यानी, आमचो न्हय तो, जितो आसा. घरात खीर केल्यानी त्या दिसा. मीय खाल्लंय." मग कुणावरही न चिडता, सरळ सांगावं तसं म्हणाली, "तेका झील जितो व्हयो होतो. म्हणान माजो घोव पळालो."

वडील खाली बसले. मला रडू येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

ती रडली नाही. तिने टेबलावर बघितलं. "तो कागद खंय? लिव आता."

मी अर्ज काढला आणि कोरा रकाना भरला. तिला वाचता येत नव्हतं. तरी मी लिहीत असताना ती वाकून बघत होती, आणि लिहून झाल्यावर म्हणाली, "वाच." मी वाचलं, "विधवा." तिने मान डोलावली. तिच्या तोंडावर आनंद होता. मी माणसांची तोंडं बघण्यावर पोट भरलेला माणूस आहे, त्यामुळे यात माझी चूक होणार नाही. तो आनंद होता.

ती प्रिंट घेऊन बाहेर पडली. तिचा अर्ज माझ्याच हातात राहिला होता, म्हणून मी मागोमाग गेलो. आपल्या जागेवर न बसता ती रांगेच्या मधोमध उभी राहिली, फोटो डोक्यावर धरला, आणि मासळी विकताना ओरडायची त्याच आवाजात ओरडली, "आयकलास गो सगळी? माजो घोव मेलो! पळाक नाय, मेलो! शनवारी घराक येवचो होतो माजो घोव!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नुकत्या विधवा झालेल्या बाईचं काय करायचं ते त्यांना पाठ होतं, पण तीस वर्षांपूर्वी झालेल्या विधवेचं काय करतात हे कुणालाच माहीत नव्हतं. रांगेतल्या बाईच्या घरात कुणी गेलं की त्या दिवशी रांगेत विक्री होत नाही, एवढा एकच रिवाज मग त्यांना आठवला असावा. तिच्या शेजारची बाई उठली आणि तिने आपल्या टोपलीवर ओलं गोणपाट ओढलं. मग पलीकडचीने ओढलं. एकेक करत सगळी रांग झाकली गेली. दोन गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन उभी होती. त्यांनी विचारलं, काय झालं? तेव्हा गोणपाट सारखं करत ती शेजारीण म्हणाली, "हिचो घोव गेलो. आज मासळी नाय."